छायाचित्राची साक्ष आणि तीपासून उपजणारा शोक

जुन्या दप्तरांबरोबर अलीकडे संशोधकांच्या हातीं छायाचित्रेंहि येऊं लागलीं आहेत. सनद, महजर, ताळेबंद, कैफियत यांची पारख कशी करावी हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शिक्का, मोर्तब, कागदाची घडण, अक्षराचें वळण आणि तारखांचा मेळ हीं पाहिल्यावांचून आपण एक ओळहि प्रमाण धरीत नाहीं. परंतु त्याच रुमालांतून एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र निघालें कीं आपण चष्मा पुसून त्याकडे पाहतों, हळहळतों, आणि तें प्रमाण म्हणून स्वीकारून मोकळे होतों. कागदांत लेखक बोलतो, चित्रांत वस्तु स्वतःच दिसते, असा आपला समज आहे. आणि चित्र पाहून जो गहिंवर येतो तोच त्याच्या खरेपणाचा दाखला वाटतो. प्रस्तुत लेखांत मुख्यतः या दुसऱ्या समजाचा विचार करावयाचा आहे. छायाचित्र पाहून उठणारा भाव हीसुद्धां पुराव्याइतकीच चिकित्सा मागणारी वस्तु आहे. आणि ती चिकित्सा केल्यानें भाव मरतो असें जें म्हणतात तें आम्हांस मान्य नाहीं. तो ज्याचा त्याला पोचतो, एवढेंच होतें.

भवभूतीच्या उत्तररामचरितांतील पहिल्या अंकाचा चित्रदर्शनाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. अर्जुन नांवाच्या चित्रकारानें रामचरित चित्रवीथींत रेखाटलें आहे. लक्ष्मण एकेक प्रसंग दाखवून ओळख करून देतो, आणि राम व सीता स्वतःच्याच गतायुष्याकडे पाहून कधीं हरखतात, कधीं व्याकुळ होतात. शूर्पणखा दिसतांच सीता भिते, तेव्हां हें केवळ चित्र आहे अशी तिला आठवण द्यावी लागते. रसिक बहुधा येथेंच थांबतात. संशोधकानें आणखी दोन गोष्टी टिपाव्या. चित्रकार वनवासांत बरोबर नव्हता. आपण सांगितलें त्याप्रमाणें त्यानें काढलें, हें लक्ष्मण आरंभींच बोलून जातो. पुढें विवाहाच्या चित्रापाशीं तो सीता, मांडवी व श्रुतकीर्ति यांस ओळखून देतो आणि ऊर्मिलेपाशीं, म्हणजे स्वतःच्या पत्नीपाशीं, मुकाट्यानें पुढें सरकतो. सीतेनें थट्टेनें विचारलें तरी तो लाजून दुसरीकडेच बोट दाखवितो. चित्रांत ऊर्मिला आहेच. पण नांवें सांगणारा तिच्यापाशीं थांबला नाहीं म्हणून पाहणाऱ्याच्या दृष्टीनें ती नाहींशी झाली. छायाचित्राखालच्या मथळ्याचें सामर्थ्य व त्याची लबाडी या एवढ्याशा विनोदांत सांठलेली आहे.

याच विषयीं आलंकारिकांचें एक मत येथें उपयोगीं पडेल. विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रस निष्पन्न होतो हें भरताचें सूत्र; त्याचें विवरण करतांना अभिनवगुप्तानें रसप्रतीतीचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एक असें कीं, समोरचा शोक हा अमक्या देशांतला, अमक्या काळांतला, अमक्याचाच आहे ही जाणीव प्रेक्षकाच्या मनांत टिकून राहिली तर रस उत्पन्न होत नाहीं. देशकालाची ही गांठ सुटली म्हणजे शोकाचा करुण होतो, व करुणाचा आस्वाद घेतां येतो. रंगभूमीवर हें यथायोग्यच आहे. पण नाट्याचार्य ज्याला विघ्न म्हणतो तेंच इतिहासकाराचें सर्वस्व होय. हें गांव, हा दिवस, हा मनुष्य, एवढ्यासाठींच तर त्याचा खटाटोप. छायाचित्रावरून नांव, गांव व तिथि पुसली गेली कीं त्यांतील माणसाचा शोक पाहणाऱ्याच्या करुण रसांत विरघळून जातो. आपण डोळे टिपतों, आणि त्या टिपण्यांत एक प्रकारचें सुखहि असतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आपल्या प्रांतांत ही कला फार लवकर आली. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंतले जाणकार म्हणून त्या काळीं गणले जात. कला रुजली तसें जोडकामहि रुजलें. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत एकीकडे टिपलेल्या आकृतींच्या मागें दुसरीकडचें दृश्य जोडलेलें आढळतें. वेष खरा, चेहरा खरा, जागाहि खरी. मात्र तो मनुष्य त्या जागीं उभा नव्हता. पोथींत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतों तोच हा. असला प्रक्षेप सराईत डोळ्यास सांपडतो, म्हणून त्याची फारशी भीति नाहीं. खरी कसोटी लागते ती ज्या चित्रांत कांहींच चिकटविलेलें नाहीं तेथें.

लखनौच्या सिकंदरबागेचें फेलिचे बेआतो यानें घेतलेलें चित्र असें आहे. सत्तावनच्या युद्धावरील कोणत्याहि सचित्र ग्रंथांत तें बहुधा भेटतेंच. मागें तोफांनीं व गोळ्यांनीं छिन्न झालेल्या, खांबांच्या इमारतीची दर्शनी बाजू. पुढच्या मोकळ्या जागेंत कवट्या व हाडें पसरलेलीं. आणि त्यांतच कांहीं जिवंत एतद्देशीय माणसें व एक घोडा. मथळा लांबलचक आहे. सर कॉलिन कँपबेलच्या नोव्हेंबर १८५७ मधील पहिल्या हल्ल्यांत ९३ वी हायलंडर व ४ थी पंजाब या पलटणींनीं दोन हजार बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा सिकंदरबागेचा अंतर्भाग, असा त्याचा आशय. सेनापतीचें नांव आहे, पलटणींचे अंक आहेत, महिना आहे, मेलेल्यांची गोळाबेरीज आहे. मेलेल्यांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं.

आतां हा मथळा बाजूस ठेवून तारखा लावून पाहूं. सिकंदरबागेची लढाई १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं झाली. त्यानंतर कँपबेल रेसिडेन्सींतील वेढलेल्या लोकांस घेऊन लखनौबाहेर पडला. शहर पुन्हां इंग्रजांच्या हातीं आलें तें मार्च १८५८ मध्यें. बेआतो कलकत्त्यास उतरला फेब्रुवारी १८५८ मध्यें. तेव्हां हें चित्र कत्तलीनंतर निदान चार महिन्यांनीं घेतलेलें आहे. मथळ्यांतील ‘नंतरचा’ हा शब्द खोटा नाहीं; पण पाहणाऱ्याच्या मनांत तो दुसऱ्या दिवसाची सकाळ उभी करतो, आणि ती सकाळ या काचेवर कधींच पडली नव्हती.

चिकित्सा येथेंच थांबत नाहीं. सर जॉर्ज कँपबेल नांवाचा मुलकी अधिकारी त्या वेळीं लखनौस होता. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं छापल्या गेल्या. त्यांत तो सांगतो कीं, प्रेतांचा ढीग चित्रकार येण्यापूर्वीं मातीखालीं झांकून टाकण्यांत आला होता. त्यानें हट्ट धरून तो उघडा करविला व चित्र घेतलें. पस्तीस वर्षांनीं लिहिलेली आठवण म्हणून तिचें वजन आपण थोडें कमी धरूं. पण दुसरा एक साक्षी आहे. लॉर्ड रॉबर्ट्स हा तरुणपणीं त्या हल्ल्यांत हजर होता. १८९७ च्या आपल्या आत्मचरित्रांत तो मृतांचा व मरणोन्मुखांचा पुरुषभर उंचीचा एकच ढीग पाहिल्याचें लिहितो. चित्रांत ढीग नाहीं; आवारभर पांगलेलीं हाडें आहेत. कुत्र्याकोल्ह्यांनीं तीं पांगविलीं असतील असें म्हणतां येईल. तथापि कँपबेलचें लिहिणें, रॉबर्ट्सचा ढीग आणि काचेवरचा पसारा हीं तिन्ही शेजारीं ठेवलीं असतां मनुष्याचा हात नाकारणें कठीण जातें.

चित्रांतील जिवंत माणसांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. त्या काळच्या काचेवर आकृति स्वच्छ उमटावयाची तर माणसास कांहीं वेळ निश्चल उभें राहावें लागे. तीं माणसें तेथें सहज आलेलीं नाहींत. त्यांस उभें केलें आहे. इमारतीची उंची कळावी म्हणून माणूस मध्यें उभा करणें ही त्या धंद्यांतील नेहमींची युक्ति. आपल्याच देशबांधवांच्या अस्थींमध्यें मापाची काठी म्हणून उभे राहिलेले हे लोक कोण होते, कोणत्या मजुरीवर वा कोणत्या हुकुमावर आले होते, याविषयीं मथळा मुका आहे. ऊर्मिलेची आठवण आम्हांस येथें होते.

याच चित्रानें निरनिराळ्या काळीं निरनिराळे भाव उठविले. विलायतेंतील त्या वेळच्या प्रेक्षकाच्या मनांत कानपूरच्या बिबीघराची हत्या ताजी होती; त्यास हीं हाडें न्यायाचें फळ वाटलीं असतील तर नवल नाहीं. आपल्याकडील वाचकास तींच हाडें पाहून संताप येतो. चित्रांत एक रेघहि बदललेली नाहीं. म्हणजे रौद्र काय, बीभत्स काय, करुण काय, हे त्या काचेंत नव्हते. मथळ्यानें व पाहणाऱ्याच्या पूर्वसंस्कारानें ते आणले. मग चिकित्सेअंतीं हातीं काय उरतें? आमच्या मतें पुष्कळ उरतें. कत्तलीचें दृश्य म्हणून या चित्राची किंमत गेली. परंतु ज्या मृतांस कशीबशी माती मिळाली होती त्यांची ती मातीहि एका विकाऊ चित्रासाठीं उकरली गेली, ही दुसरी घटना उजेडांत आली. त्या ढिगांत हिंदु होते, मुसलमान होते. एकाच्या अस्थींस जळ मिळालें नाहीं, दुसऱ्याची कबर राहिली नाहीं. अगोदरची हळहळ ‘दोन हजार’ या आंकड्याविषयीं होती. आतांचा शोक एका विशिष्ट दिवशीं, विशिष्ट माणसांच्या देहांशीं झालेल्या वर्तनाविषयीं आहे, आणि तो आम्हांस अधिक खोल वाटतो.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांचा दुष्काळ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद व मुंबई इलाख्याचा दख्खन भाग या सर्वांवर कोसळला. १८८० च्या दुष्काळ कमिशननें एकट्या ब्रिटिश मुलुखांतील मृत्यु ५० लाखांहून अधिक धरले आहेत. मद्रासकडील भुकेल्या लोकांचीं चित्रें विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्यानें घेतलीं. बरगड्या मोजतां याव्या अशीं माणसें, कांहीं बसविलेलीं, कांहीं उभीं, साध्या पार्श्वभूमीवर रांगेनें मांडलेलीं. बहुतेकांची दृष्टि थेट यंत्राकडे. जीं स्वतःच्या बळावर धड उभीं राहूं शकत नव्हतीं त्यांस असें रचून स्थिर ठेवावें लागलें, हें चित्र नीट पाहिल्यास कोणाच्याहि ध्यानांत येईल.

यांवरील मथळे मात्र तपासण्यासारखे आहेत. एकावर ‘परित्यक्त’ अशा अर्थाचा शब्द, एकावर ‘फुकट मदतीस पात्र’ अशा अर्थाचें वाक्य. पहिला मथळा सरळ नाटकांतून उचलल्यासारखा आहे. कोणी टाकलें, कोणत्या गांवीं, कोणत्या महिन्यांत, याचा मागमूस नाहीं. देशकालाची गांठ येथें मथळाकारानें मुद्दाम सोडली आणि करुण रस सिद्ध केला. दुसऱ्या मथळ्यांतील ‘पात्र’ हा शब्द मराठींत आणतांना आमचें मन क्षणभर अडखळलें. दान घेणारें पात्र आणि रंगभूमीवरचें पात्र यांस आपली भाषा एकच शब्द वापरते, आणि या चित्रांतील माणसें दोन्ही झालीं आहेत. शिवाय तें वाक्य सरकारी वर्गवारीची भाषा बोलतें. मदतीस पात्र कोण व अपात्र कोण हा त्या सालांतील जीवनमरणाचा प्रश्न होता. चित्र पाहून द्रवणारा प्रेक्षक नकळत त्या वर्गवारीस मान डोलावतो.

हूपरविषयीं एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. पुढें १८८६ च्या आरंभीं तो मंडाले येथें प्रोव्होस्ट मार्शल असतां, गोळ्या घालून मारावयाच्या ब्रह्मी कैद्यांचें चित्र नेमक्या त्या क्षणीं मिळावें म्हणून त्यानें यंत्र लावल्याची बातमी टाइम्सच्या बातमीदारानें दिली, विलायतेंत गवगवा झाला व चौकशी बसली. ती गोष्ट भयंकर खरी. पण तिच्या आधारें दहा वर्षांपूर्वींच्या मद्रासच्या चित्रांमागील हेतु ठरविणें हें उत्तरकालीन कागदावरून पूर्वकालीन सनद खोटी ठरविण्यासारखें आहे. मद्रासच्या चित्रांचा निवाडा मद्रासच्याच पुराव्यावर व्हावा.

आपल्या दख्खनच्या दुष्काळासंबंधीं जें मुख्यतः हातीं येतें तें कागद होत. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मागवून सरकारकडे पत्रांमागून पत्रें धाडलीं. त्यांत पाऊस किती, धारण काय, गुरें किती विकलीं, कोणत्या कामावर किती लोक आले, असा कोरडा मजकूर आहे. जानेवारी १८७७ मध्यें सर रिचर्ड टेंपल यानें पुरुषाचें वेतन दिवसास एक पौंड धान्य व एक आणा असें खालीं आणलें. एक पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे, आपल्या अर्ध्या शेरासहि किंचित् कमी. यावर दिवसभर खडी फोडावयाची. मुंबई इलाख्यांतील कामांवरच्या मजुरांनीं हें वेतन नाकारून कामें सोडलीं, हें त्या वेळच्या इतिहासांत नमूद आहे.

आतां हे दोन पुरावे शेजारीं ठेवावे. चित्रांत चेहरे आहेत, पण गांव नाहीं व तिथि नाहीं. कागदांत तालुका, महिना व तोळे आहेत, पण चेहरा नाहीं. चित्र पाहून कोणीहि रडेल. कागद वाचून सहसा कोणी रडत नाहीं. परंतु एकूणचाळीस तोळ्यांचा हिशेब ज्यानें एकदां मनाशीं केला तो त्या बरगड्यांकडे पुन्हां पाहूं लागला म्हणजे त्याच्या दृष्टींत फरक पडतो. ती कृशता केवळ आभाळानें आणलेली नाहीं, तिच्यामागें मनुष्यानें ठरविलेलें एक वजन आहे, हें त्यास कळतें. शिवाय चित्रांतील ते लोक निमूट बसलेले दिसतात, म्हणून दुष्काळपीडित म्हणजे निमूट असा आपला ग्रह होतो. काम टाकून चालते झालेले दख्खनचे मजूर त्या ग्रहांत कोठें बसत नाहींत. हूपरचीं मद्रासकडील चित्रें इतर प्रांतांच्या व इतर सालांच्या दुष्काळांवरील लेखांतहि सर्रास छापलेलीं आढळतात. त्यामागें हाच रसिकपणा आहे. भूक सगळीकडे सारखीच, असें संपादक म्हणतील. मग एकाच सनदेची नक्कल दहा गांवांच्या वतनांस जोडण्यासहि हरकत नसावी!

झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें म्हणून जें छायाचित्र फिरतें त्याविषयीं थोडक्यांत लिहितों. हॉफमन नांवाच्या इसमानें तें १८५० सालीं घेतलें असें सांगतात. तें पाहून अभिमानानें ऊर भरून येतो, आणि ऊर भरून आल्यावर तपास कोण करतो? बाईंस प्रत्यक्ष पाहिलेल्यांचीं वर्णनें आपल्यापाशीं आहेत. वकील जॉन लँग १८५४ सालीं झांशीस गेला होता. पडदा क्षणभर सरला तेव्हां त्यानें साधें पांढरें वस्त्र व अगदीं मोजके दागिने पाहिल्याचें १८५९ च्या पुस्तकांत लिहिलें. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळीं झांशींतच होते. त्यांचें हस्तलिखित १८८३ चें, तें चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं फेरफार करून छापलें, व मूळ बरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. गंगाधररावांचा मृत्यु नोव्हेंबर १८५३ मधला. अर्थात् सालंकृत राणीचें चित्र खरें असेल तर तें त्यापूर्वींचेंच असलें पाहिजे, आणि १८५० हें साल या अटींत सोयिस्करपणें बसतें. सोयिस्कर तारीख दिसली कीं दफ्तराचा वाचक सावध होतो. कलोडियनची काच आर्चरनें जाहीर केली ती मार्च १८५१ मध्यें. तेव्हां १८५० चें चित्र चांदीच्या पत्र्यावरचें किंवा कागदी ऋणचित्रावरून उतरविलेलें असावयास पाहिजे. मूळ वस्तु हातीं घेऊन ती कोणत्या जातीची आहे हें पाहिल्यावांचून, केवळ नकलेच्या नकलेवरून, होकार वा नकार देणें व्यर्थ आहे.

संग्राहकांस एक विनंती आहे. आल्बमांतील चित्रें सुटीं करून विकण्याची चाल वाढली आहे. पोथीचीं पत्रें सुटीं करून विकण्याइतकीच ती घातक होय, कारण आल्बमांतील अनुक्रम हाच कित्येकदां तारखेचा एकमेव आधार असतो. पुठ्ठ्यावरचें कारखान्याचें नांव व पत्ता, पाठीवरचा मजकूर, आणि तो किती हातांनीं व किती शायांनीं लिहिला आहे, हें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. मथळा व चित्र यांची नोंद वेगवेगळी करावी. घरांतील वडीलधाऱ्यांपैकीं कोणी चित्रांतील माणसांस अजून ओळखत असेल तर तें नांव आधीं टिपावें, आणि सांगणाऱ्याचें नांव व तारीख शेजारीं घालावी. चित्रांत कडेला उभा असलेला गडी, दाई, शिपाई यांच्याविषयींहि विचारावें. त्यांचीं नांवें सांगण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. पाठीवर लिहावयाचें झाल्यास मऊ पेन्सिलीनें, कडेशीं व अगदीं हलक्या हातानें लिहावें. शाई कालांतरानें पुढच्या बाजूस उतरते.